अर्जावर न लिहिलेला घास

१

"चेहरा चांदासारखा गोल होणं ही दर वेळी खुशीची बात नसते, बेटा. एकदा रक्त तपासून घे."

शकीला खाला असं म्हणाली, तेव्हा ताहेरानं ते हसण्यावारी नेलं होतं. खालाची सारी हयात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली होती. तिला तंदुरुस्त माणसातही आजार दिसायचा, असं घरात सगळेच म्हणत. ताहेराची नूरी पाच महिन्यांची होती. ती एकदा शिंकली तरी ताहेरा डॉक्टरांना फोन लावायची, आणि ती झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाखाली बोट धरायची. स्वतःकडं बघायला मात्र तिला फुरसत नव्हती. बाळंतपण मानवलं, असं सगळे म्हणत होते. कंबरदुखी गेली होती, भूक सपाटून लागत होती, आणि मालिशवाल्या दगडाबाईनं दिलेल्या लाडवांचा डबा ओट्यावर हाताशी होता. डब्याच्या कडीला नजर लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधलेला. त्या डब्याकडं बघून खाला काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात नूरी रडली आणि विषय तिथंच राहिला.

रजा संपली. ताहेरा 'दैनिक खामकाठ'च्या कचेरीत परत रुजू झाली. बातम्यांना मथळे देणं हे तिचं काम. रुजू झाल्याला पंधरा दिवसही झाले नव्हते, तोच एका दुपारी एक माणूस तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, हाताच्या बोटांवर रेशमाच्या धाग्यानं पडलेल्या बारीक चिरा. त्यानं घडी केलेला तीन दिवसांपूर्वीचा अंक टेबलावर उलगडला आणि मथळ्यावर बोट ठेवलं.

'पैठणची गोदावरी उत्तेजक चाचणीत दोषी.'

"हे कुणी लिहिलं?"

सायकलपटू गोदावरीची ही बातमी क्रीडा वार्ताहर इलियासची होती. मथळा तिचा. "मी," ताहेरा म्हणाली.

"मी नानासाहेब. गोदाचा बाप." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. "तीन दिस झाले, पोरगी जेवली नाय. सायकल मागाच्या खड्ड्यात उतरवली आन वर चादर टाकली. म्या पैठणी विणतो, बाई. त्या खड्ड्यात पाय सोडून बसल्याबिगर माग चालत नाय. ती सायकल काढू देत नाय, म्या माग चालवत नाय. असं चाललंय आमचं."

"पत्र आलंय ना तुम्हाला? खुलाशाचं?"

"व्हय. पंधरा दिस ऱ्हायले. ते औषध पोटात गेलं कसं ते सांगायचं. नाय सांगितलं तर दोन वर्सं बंदी. 'म्या औषध घेतलं नाय' इतकंच म्हणती. बरं, मग खाल्लं काय ते तरी सांग म्हणलं, की भिंतीकडं तोंड." त्यांनी अंकाची घडी घातली. "माझी पोरगी खोटं बोलत नाय, बाई. पण कायतरी लपवती. ते काय, ते बापाला नाय सांगायची."

ते निघून गेल्यावर ताहेरानं इलियासची मूळ बातमी काढून वाचली. त्यानं लिहिलं होतं: 'प्राथमिक चाचणीत उत्तेजकाचा अंश; खुलाशासाठी मुदत.' तीन कॉलमांत बसेना म्हणून 'प्राथमिक' तिनं उडवलं होतं. 'अंश' उडवला होता. आणि 'दोषी' हा शब्द तिनं स्वतःच्या पदरचा घातला होता, कारण तो आखूड होता.

२

"पहिला संशय कोचवर जातो, ठाऊक आहे मला," काकासाहेब म्हणाले. "बातमी आल्यापासून हा टपरीवालासुद्धा माझ्या बाटलीकडं वाकडं बघायलाय."

ते क्रीडा संकुलामागच्या चहाच्या टपरीवर बसले होते. उन्हानं रापलेला चेहरा, गळ्यात शिट्टी. ताहेरानं नूरीला कडेवर घेतलं होतं. सासूबाई गावाला गेल्या होत्या.

"त्या बाटलीत असतं काय?"

"लिंबू, मीठ, साखर. प्या की!" तिचा चेहरा बघून ते हसले आणि स्वतःच घटाघटा प्यायले. "घ्या, आता माझंही रक्त तपासा. अहो, एका पिंपातलं पाणी पाच जणी पितात. शर्यतीनंतर माझ्या तिघींची तपासणी झाली. दोघी स्वच्छ, एकटी गोदा अडकली. पिंपात विष असतं तर तिघी अडकल्या असत्या का नाही?"

हे खरं होतं. ताहेरानं वहीत काकासाहेबांच्या नावावर रेघ मारली, पण उठली नाही. नूरी शिट्टी ओढत होती, तोवर बसायला हरकत नव्हती.

"जे औषध सापडलं, त्यानं होतं काय?"

"सूज उतरते, दुखणं पळतं. स्टिरॉइड म्हणा. डॉक्टर देतात तेव्हा औषधच असतं ते. आमच्यात शर्यतीच्या वेळी पोटातून घ्यायला मनाई."

"गोदाला दुखणं होतं काही?"

काकासाहेबांनी बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. "जानेवारीत गुडघा सुजला होता. डॉक्टरनं सहा आठवडे पेडल मारायचं नाही म्हणून सांगितलं. ही पंधराव्या दिवशी बिडकीनपर्यंत जाऊन आली. हसत! मी काही विचारलं नाही. पोरगी बरी झाली की कोण विचारतं हो, कशी झाली म्हणून?" नूरीच्या हातातली शिट्टी सोडवत ते म्हणाले, "वजन मात्र वाढलं. मी ओरडायचो, गोदे, खाणं आवर. तर म्हणायची, सर, भूकच लई लागती."

ताहेरानं लिहिलं: गुडघा. भूक.

"आणखी एक," काकासाहेब म्हणाले. "तपासणीच्या वेळी अर्ज भरतात. सात दिवसांत काय काय औषधं घेतली ते लिहायचं. ती भरत होती, मी शेजारीच उभा होतो. शेवटच्या ओळीवर तिनं पेन टेकवलं. टेकवून तसंच ठेवलं. मग स्वतःशीच हसली आणि उचललं."

३

इलियास कचेरीच्या जिन्यात भेटला. त्यानं सुरुवातच केली, "आपा, मी 'प्राथमिक' लिहिलं होतं."

"माहीत आहे. त्याबद्दल मलाच फाशी दे. पण पत्र तुला मिळालं कुठून?"

"तिच्या संघाच्या ऑफिसातून. मी मागितलं नव्हतं हो. ती जिंकली तेव्हा एक फोटो पाठवा म्हणून आठ फोन केले, कुणी उचलला नाही. हे पत्र मात्र घरबसल्या मोबाइलवर." तो ओशाळून हसला. "त्यांना हात झटकायचे होते. मी टॉवेल झालो."

"आणि मी तो दोरीवर वाळत घातला," ताहेरा म्हणाली. "अर्जाची प्रत आहे?"

होती. दोघं जिन्यातच बसून वाचू लागले. गोदाचं अक्षर शाळेतल्या शुद्धलेखनासारखं होतं. तापाची गोळी, एक. खोकल्याची चघळायची गोळी, दोन. जीवनसत्त्वाची गोळी, रोज. गुडघ्याला चोळायचं मलम, 'नाव आठवत नाही, हिरवी डबी'. त्याखाली एक ओळ रिकामी, आणि त्या ओळीच्या तोंडाशी शाईचं एक टिंब.

"चालू असती तर इतकं लिहिलंच नसतं," इलियास म्हणाला.

"नाही ना. जी पोरगी चघळायची गोळी लिहिते, मलमाच्या डबीचा रंग लिहिते, ती घेतलेलं औषध गाळेल?" ताहेरानं त्या टिंबावर बोट ठेवलं. "म्हणजे तिच्या पोटात जे गेलं, ते तिच्या लेखी औषध नव्हतंच. पण आठवलं मात्र होतं. आठवून हसू आलं, आणि आता तेच सांगायची तिला लाज वाटतेय. असं काय असतं रे, इलियास? औषध नाही, आणि तरीही सांगायला लाज वाटावी असं?"

"दारू?"

"दारूनं गुडघा बरा होतो?"

संपादक तात्यासाहेबांनी वरून हाक मारली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: खुलासा आला की पाचव्या पानावर दोन ओळी छापू, तोवर बाईंनी पैठणच्या वाऱ्या करू नयेत. ताहेरानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नूरीला घेऊन पैठणच्या एसटीत बसली.

४

घरात शिरताच समोर माग. त्याच्यावर अर्धा झालेला पदर, एक मोर डोळ्याविना राहिलेला. खाली खड्ड्यावर फुलाफुलांची चादर, आणि चादरीतून वर आलेलं सायकलचं हँडल. नानासाहेब ओसरीत बसून होते, हात मांडीवर मोकळे.

आतल्या खोलीत गोदा पाठमोरी बसली होती. भिंतीकडं बघतच ती म्हणाली, "मथळेवाल्या बाई तुम्हीच का? या. फोटो पण काढून घ्या. रडता रडता पाहिजे का नुसताच?"

"फोन पिशवीत आहे," ताहेरा म्हणाली. "आणि पिशवीवर पोरगी झोपलीय."

गोदाची पाठ जराशी हलली. हसली असावी.

वच्छला वहिनी पाणी घेऊन आली. गोदाच्या भावाची बायको, कडेला चार महिन्यांचं पोर. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. खाली बसताना तिनं कंबरेवर हात दाबला आणि 'आई गं' तोंडातल्या तोंडात गिळलं. ताहेराची नजर तिच्यामागच्या फळीवर गेली. पितळी डबा. कडीला काळा दोरा, दोऱ्यात बिब्बा.

"दगडाबाई मालिशीला येते का तुमच्याकडं?"

"व्हय की. पैठणचीच हाय ती. एसटीनं गावोगाव फिरती, शहरात बी जाती."

"माझ्याकडंही तीच येते. असाच डबा आहे माझ्या ओट्यावर. हे लाडू कोण खातं?"

"म्याच!" वच्छला वहिनी म्हणाली. इतक्या झटकन, की कडेचं पोर दचकलं. "बाळंतिणीचे लाडू हैत, दुसरं कोण खाईल?"

ताहेरा तिच्याकडं बघत राहिली. एक आई दुसऱ्या आईकडं बघते तसं. मग सावकाश म्हणाली, "वहिनी, ते लाडू मी खाल्ले तर पाचव्या दिवशी माझी कंबर दुखायची थांबली. भूक अशी लागली की सासूबाई हसायला लागल्या. तुम्ही चार महिने खाताय, आणि तुमची कंबर अजून दुखतेय. तुमच्या अंगावर मूठभर मांस नाही. आणि गोदाचा गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला. भूक गोदाला लागते. मग डबा तुमचा, पण लाडू कुणाचे?"

ओसरीतून नानासाहेबांचं खाकरणं ऐकू आलं.

"मला कडू लागायचे ते," वच्छला वहिनी शेवटी म्हणाली. "गुळाच्या मागून कडू. सासूबाई शेजारी बसून खाऊ घालायच्या. त्यांची पाठ फिरली की म्या हळूच नणंदेला..."

"वहिनी!" गोदा गर्रकन वळली.

दारातला उजेड तिच्या तोंडावर पडला. रोज शंभर किलोमीटर सायकल मारणाऱ्या त्या पोरीचे हातपाय काटक होते, आणि त्यांच्यावर बसवलेला चेहरा मात्र गोल गरगरीत, तुकतुकीत. ताहेराला वाटलं, आपण आरशात बघतोय. आणि मग खालाचे शब्द तिला आठवले. शब्दच नाही, आवाजसुद्धा.

५

"माझं लगीन व्हायचंय अजून," गोदा म्हणत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता. "कुमारीनं बाळंतिणीचे लाडू खाल्ले म्हणून सांगू? त्या अर्जावर पेन टेकवलं, तर हसूच आलं. लाडू काय लिहायचा, औषध हाय का ते? आन आता लिहिलं तर पेपरात येणार. तुम्हीच मथळा देणार. दोन वर्सांची बंदी सोसंल मला, बाई. गल्लीत तोंड नाय दाखवता येणार."

ताहेरानं दोन लाडू रुमालात बांधून घेतले.

परतल्यावर ती थेट खालाकडं गेली आणि म्हणाली, "खाला, मी हसले होते. आता तू हस."

खाला हसली नाही. तिनं सांगितलं ते असं: गावोगावच्या बाजारात दुखण्यावर पांढरी पुडी मिळते. विकणारा जडीबुटी म्हणून विकतो, पण कित्येकदा त्यात स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. दोन दिवसांत दुखणं पळतं. महिना-दोन महिन्यांत चेहरा चांदासारखा होतो, आणि लोक त्याला तब्येत म्हणतात. "आणि ऐक बेटा, एकदम बंद नको करू. शरीर आपलं काम विसरून बसलेलं असतं. डॉक्टर सांगतील तसं उतरवत यायचं. एकदम सोडलं तर माणूस बसल्या जागी कोसळतं."

ताहेरानं वच्छला वहिनीला फोन करून गोदाला डॉक्टरांकडं न्यायला लावलं. नूरीला तपासलं, ती ठीक होती. ताहेराच्या रक्तात जे निघायचं ते निघालं. लाडवांच्या तपासणीतही तेच औषध निघालं, जे गोदाच्या चाचणीत होतं आणि अर्जावर नव्हतं.

गुरुवारी दगडाबाई आली. साठी उलटलेली, हातात तेलाची बाटली, आणि तोच गोल चेहरा.

"लाडवात काय घालते, दगडाबाई?"

"डिंक, खारीक, गूळ. आन बळ." तिनं कनवटीची पुडी काढून दाखवली. तिला काहीच लपवायचं नव्हतं. "अजिंठ्याच्या बाजारात एक मानूस देतो. म्या आधी सोता खाल्लं, मग बाळंतिणींला दिलं. दुखणं असं जातं बघ, हातानं पुसल्यागत. चाळीस वर्सं मालिश करते, लेकी, पण लोकं अशी दुवा कधी देत नव्हती. वाटलं, आता कुठं माझ्या हाताला यश आलं."

ताहेरानं तिला सगळं समजावलं. तिचे तेलकट हात मांडीवर तसेच पडून राहिले. "म्हंजी ते यश माझं नव्हं," एवढंच ती म्हणाली. "आजपासनं शिवायची नाय म्या त्याला."

"एकदम सोडू नको, दगडाबाई. माझ्यासोबत दवाखान्यात चल."

"उद्या येते."

ताहेरानं तिला जाऊ दिलं. नूरी रडत होती, कचेरीला उशीर होत होता, आणि बाई उद्या येते म्हणाली होती. दुसऱ्यांदा तिनं खालाचं बोलणं मागं टाकलं, तेही तिनं बजावल्याला आठ दिवस होण्याच्या आत.

उद्या दगडाबाई आली नाही. परवाही नाही. चौथ्या दिवशी इलियासचा फोन आला. "आपा, बिडकीनच्या स्टँडवर एक म्हातारी कोसळलीय. तिच्या पिशवीत तेलाची बाटली आहे, आणि बिब्बा बांधलेला डबा. गच्च भरलेला."

६

दगडाबाई वाचली. सलाईन लावलेल्या हाताची बोटं मोजत ती दोन दिवस आपली घरं आठवत होती. नावं तिला ठाऊक नव्हती. तिनं ती कधी विचारलीच नव्हती. निळ्या दाराची. कढीपत्त्याच्या झाडाची. फुलंब्रीची जुळ्यांची आई. दोन सवती एका घरात राहतात त्यातली धाकटी. बोटं संपली की ती पुन्हा अंगठ्यापासून सुरू करायची, आणि दर वेळी दोन-तीन घरं गळायची, दोन-तीन नवीन यायची.

खुलाशाच्या मुदतीला दोन दिवस होते. ताहेरा पुन्हा पैठणला गेली आणि गोदाला तिनं त्या बोटांबद्दल सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही.

गोदा खड्ड्यावरच्या चादरीजवळ येऊन बसली. "म्हंजी म्या गप बसले, तर त्या खातच ऱ्हातील."

"हो."

"आन त्या पेपर वाचत नाईत."

"नाहीत."

"मग लिहा. माझं नाव घालून लिहा. लाडू पण लिहा." ती उठली. "पण पाचव्या पानावर नाय. जिथं 'दोषी' लिहिलं तिथं, तेवढ्याच अक्षरात. आन बसत नाय म्हणून एक शब्द गाळायचा नाय."

तिनं चादर ओढली, खड्ड्यात उतरली आणि सायकल खांद्यावर घेऊन वर आली. नानासाहेबांनी हात धुतले, रिकाम्या खड्ड्यात पाय सोडले आणि मोराचा डोळा विणायला घेतला.

पुढं यथावकाश निकाल लागला. औषध अजाणता गेलं हे मान्य झालं. पण पोटात काय जातं याची जबाबदारी खेळाडूचीच, म्हणून पाच महिन्यांची बंदी आली. गोदा म्हणाली, पाच महिने म्हणजे एक पैठणी. ती बापाशेजारी बसून विणायला शिकली. चेहरा हळूहळू तिचा झाला. ताहेराचाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी तात्यासाहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "एवढं पहिल्या पानावर बसणार नाही, बाई."

"मग जाहिरात काढा."

"चूक झाली म्हणून आपणच ओरडून सांगायचं?"

"'दोषी' आपण ओरडूनच सांगितलं होतं, तात्यासाहेब."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि जाहिरात काढली. दुसऱ्या दिवशी, त्याच जागी, तेवढ्याच अक्षरात आलं: 'गोदावरी दोषी आहे असं आम्ही छापलं, ते आमचं चुकलं.' खाली साऱ्या हकिकतीत एक शब्द गाळलेला नव्हता. आणि शेवटी, चौकटीत, ताहेराच्या नावानं एवढंच:

'हे तुम्ही वाचता आहात. ज्यांच्यासाठी लिहिलं आहे, त्या वाचत नाहीत. त्यांची नावं आमच्याकडं नाहीत. एक घर निळ्या दाराचं आहे, एका घरापुढं कढीपत्ता आहे. बाकीची तुमच्याच गल्लीत असतील. तुमच्या घरात, शेजारी, माहेरी कुणी बाळंतीण असेल, गुडघे दुखणारी म्हातारी असेल, आणि तिचं दुखणं अचानक पळालं असेल, तर आज तिच्याकडं जा. ती काय खाते ते विचारा. सांगायला लाजली तर बसून राहा. डबा सापडला तर फेकू नका, तिला एकदम बंद करायला लावू नका. डबा घ्या, तिला घ्या आणि दवाखान्यात जा. उद्या येते म्हणाली तर ऐकू नका, मी ऐकलं होतं. आणि तिचा चेहरा चांदासारखा गोल दिसला, तर कौतुक करून परत येऊ नका.'